कुणाकडून कुणाकडे

आमच्या कुत्र्याच्या, सोन्याच्या पोटाखाली तिसऱ्यांदा तेच फोड आले तेव्हा मी आधी कपाट उघडलं. मागच्या खेपेच्या सेफॅलेक्सिन या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या. कातडी स्वच्छ दिसायला लागली म्हणून शेवटचे दोन दिवस मी त्या दिल्याच नव्हत्या. आता त्यांनीच सुरुवात करू, फरक पडला तर दवाखान्याची फेरी वाचेल, असा विचार केला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी दिली. फोड वाढले.

सोन्या सहा वर्षांचा आहे, पिवळट रंगाचा, अंगापिंडाने मोठा. आठ महिन्यांत त्याला दोनदा त्वचेचा संसर्ग झाला होता आणि दोन्ही वेळा तो गोळ्यांनी बरा झाला होता. निदान मला तसं वाटलं होतं. या खेपेला फोड पोटावरून जांघेत गेले, मग काखेत. फोड फुटला की त्या जागी गोल चट्टा उठायचा, कडेला पापुद्रा सुटलेला आणि मधे काळसर डाग. रात्रभर तो पाय चाटत बसायचा. त्या आवाजाने मला जाग यायची आणि अंधारात पडल्या पडल्या मी स्वतःची समजूत घालत राहायचे, की उद्या उतार पडेल.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी या वेळी गोळ्या लिहून द्यायचं नाकारलं. त्वचारोगाचंच काम करणाऱ्या एका पशुवैद्यांकडे त्यांनी आम्हाला पाठवलं. त्या पाठवण्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

नव्या डॉक्टरांनी पहिला अर्धा तास औषधाचं नावही काढलं नाही. खाज आधी सुरू झाली की फोड आधी आले? वर्षाच्या ठरावीक दिवसांत वाढतं का? पाय चाटतो, कान खाजवतो? आजवर कोणती औषधं दिली, किती दिवस? मी उरलेल्या चार गोळ्यांचंही सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त लिहून घेतलं.

मग त्यांनी सोन्याला कुशीवर झोपवलं आणि एक न फुटलेला फोड शोधला. बारीक सुईच्या टोकाने तो उघडून आतला थेंबभर पू काचेच्या पट्टीवर घेतला. दुसऱ्या पट्टीवर चट्ट्याच्या पापुद्र्याखालचा ओलसरपणा दाबून घेतला. पट्ट्या रंगाच्या तीन बाटल्यांतून बुडवून काढल्या, धुतल्या, वाळवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मलाही पाहायला बोलावलं. फुटक्यातुटक्या मोठ्या जांभळ्या पेशी दिसल्या. त्या पांढऱ्या पेशी, शरीराच्या बाजूने लढणाऱ्या. त्यांच्या पोटात बारीक गडद ठिपके होते, कुठे जोडीने, कुठे चौकडीने, कुठे घोसाने. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घडाला ‘स्टॅफिली’ म्हणतात. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या दशकात पुवातले हे घोस पाहून ‘स्टॅफिलोकोकस’ हे नाव दिलं. मी तेच पाहत होते, माझ्या कुत्र्याच्या पोटावरून काढलेलं.

“जंतू आहेत हे दिसलं,” डॉक्टर म्हणाले. “पण ते कोणत्या औषधाला बधतील हे दिसण्यावरून कळत नाही. दोन कोर्स झाल्यावर पुन्हा आलंय, म्हणजे आता कल्चर केल्याशिवाय, प्रयोगशाळेत जंतू वाढवून त्यावर औषधं तपासल्याशिवाय, मी एकही गोळी देणार नाही.”

दुसऱ्या फोडावरून स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर नमुना घेतला, नळीत बंद केला, प्रयोगशाळेत पाठवला. तोपर्यंत फक्त आंघोळ. मला ते पटलं नव्हतं. प्राणी तळमळतोय आणि आपण कागदाची वाट बघत बसायचं, याचा रागच आला होता.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. जंतूचं नाव होतं स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमिडियस. डावीकडे औषधांची उतरंड आणि उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. ‘एस’ म्हणजे जंतू त्या औषधाला बधतो, ‘आर’ म्हणजे दाद देत नाही. ऑक्झासिलिन, आर. सेफॅलेक्सिन, आर. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, आर. क्लिंडामायसिन, आर. एन्रोफ्लॉक्सासिन, आर. डॉक्सिसायक्लिन, आर. कागदाच्या तळाशी आल्यावर तीन-चार ‘एस’ होते आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांनी पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या. खाली जनुकाचं नाव लिहिलं होतं, मेक-ए, आणि पुढे ‘आढळले’.

ते नाव मला समजेपर्यंत डॉक्टर बोलत राहिले, म्हणून मीही ते सविस्तर सांगते. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते. ती रचणारी प्रथिनं म्हणजे त्याचे गवंडी. पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातली सगळी औषधं, सेफॅलेक्सिनसुद्धा, या गवंड्यांचे हात धरून ठेवतात. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटून मरतो. मेक-ए जनुक ज्याच्याकडे आहे, तो जंतू एक जादा गवंडी घडवतो. त्याचा हात या औषधांच्या पकडीत येत नाही. बाकीचे अडकले तरी तो भिंत बांधत राहतो. त्यामुळे एका औषधाचा नव्हे, जवळजवळ सगळ्या कुटुंबाचाच उपयोग एकदम संपतो. वर हे जनुक एका फिरत्या तुकड्यावर बसलेलं असतं. तो तुकडा एका स्टॅफिलोकोकसकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

“माझ्यामुळे झालं का? गोळ्या अर्ध्यावर सोडल्या म्हणून?” मी विचारलं.

त्यांनी जरा वेळ घेतला. “ताई, दोन दिवसांच्या गोळ्या सोडल्या म्हणून हे जनुक जन्माला आलं, असं नाही. ते आधीपासून जगात आहे. पण दर कोर्सला काय होतं बघा. त्याच्या कातडीवर, तोंडात, गुदाशी नाना तऱ्हेचे जंतू राहतात. गोळी दिली की बधणारे मरतात, न बधणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. दोन कोर्स आणि वर तुमच्या चार गोळ्या, म्हणजे तीनदा निवड झाली. आणि मूळ खाज का सुटते ते एकदाही कुणी पाहिलं नाही.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

मग मी तेच विचारलं जे माझ्या जागी कुणीही विचारलं असतं. खालच्या ओळींत लिनेझोलिड होतं, ‘एस’ लिहिलेलं. व्हँकोमायसिनही होतं. ती द्या, खर्चाचं मी बघते. सोन्या टेबलाखाली माझ्या पावलावर हनुवटी ठेवून बसला होता आणि अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

“ती मी देणार नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “माणसांत असा स्टॅफ रक्तात उतरला की ज्या थोड्या औषधांवर जीव तरतो, त्यांतली ही आहेत. याचं दुखणं कातडीच्या वरच्या थरात आहे. जीवावरचं नाही. वरचं दुखणं वरून धुऊन बरं होतं. मी जर याला लिनेझोलिड दिलं आणि याच्या अंगावर त्यालाही न बधणारा जंतू तयार झाला, तर तो तुमच्या अंथरुणात झोपेल, तुमच्या मुलीचं तोंड चाटेल.”

मी गप्प बसले. त्या क्षणी मला ते निष्ठुर वाटले, हे खरं आहे. त्यांनी दुसऱ्या दोन फुल्याही समजावल्या. रिफाम्पिसिनने यकृताला इजा होऊ शकते. क्लोरॅम्फेनिकॉल हाताळणाऱ्या माणसाच्या रक्तनिर्मितीवर क्वचित पण भयंकर परिणाम होऊ शकतो, आणि त्या गोळ्या रोज मीच हाताळणार होते. ती दोन्ही हाताशी ठेवायची, पण आधी आंघोळ.

घरी आल्यावर जे सुरू झालं ते सात आठवडे चाललं, आणि उपचार म्हणून मला शिकायला मिळालेलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू, आठवड्यातून तीनदा. पाण्याने अंग पूर्ण भिजवायचं. शाम्पू केसांवर नव्हे, कातडीला लागला पाहिजे, म्हणून बोटांनी केस उलटे फिरवत चोळायचा. जिथे चट्टे जास्त तिथून सुरुवात, म्हणजे त्या जागी तो सर्वांत जास्त वेळ राहतो. मग दहा मिनिटं थांबायचं. मोजून दहा मिनिटं. पहिल्या दिवशी मी अंदाजाने थांबले होते आणि घड्याळ पाहिलं तर जेमतेम चारच झाली होती. ओल्या, थरथरणाऱ्या, तुमच्याकडे टक लावून बघणाऱ्या कुत्र्याजवळ दहा मिनिटं फार लांब असतात. मी मोबाइलवर गजर लावायला लागले आणि तेवढा वेळ त्याच्या कानाशी बोलत बसायचे. शाम्पू डोळ्यांत आणि कानाच्या आत जाऊ द्यायचा नाही. हे औषध डोळ्याच्या बुबुळाला आणि आतल्या कानाला दुखावतं. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करायचं. मधल्या दिवशी चट्ट्यांवर त्याच औषधाचा फवारा.

हातात मोजे आणि अंगावर फक्त त्याच कामाचा जुना सदरा. त्याचे टॉवेल वेगळे. अंथरुणाची खोळ आठवड्यातून दोनदा ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुऊन खडखडीत वाळवायची. कोरड्या पृष्ठभागावरही स्टॅफ आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तग धरतो, हे कळल्यावर दाराच्या कड्या, पट्टा, खाण्याचं भांडं, सोफ्याचा तो बसायचा कोपरा, सगळं आधी साबणाने आणि मग जंतुनाशकाने पुसू लागले. घाण तशीच ठेवून वरून जंतुनाशक फिरवलं तर त्याचा काही उपयोग होत नाही. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती अनुभवाने कळली. क्लोरहेक्सिडिन लागलेले टॉवेल क्लोरीनच्या ब्लीचमध्ये घातले की कायमचे तपकिरी डाग पडतात. माझे तीन टॉवेल गेले.

सगळ्यात अवघड होती मनू. ती नऊ वर्षांची आहे आणि सोन्या तिच्या उशाशी झोपायचा. “मनूला होईल का हो?” असं मी डॉक्टरांना विचारलं होतं तेव्हा त्यांनी ना धीर दिला, ना घाबरवलं. हा जंतू मुळात कुत्र्यांचा. बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर त्याचा साधा, औषधाला बधणारा भाऊ राहतच असतो. माणसाच्या कातडीवर तो नीट रुजत नाही. घरच्यांच्या नाकात थोडे दिवस सापडतो आणि बहुधा निघून जातो. माणसाला संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या मोजक्या. त्यांतले बरेच लोक कुत्रा चावलेले, उघडी जखम असलेले, शरीरात धातूचा किंवा प्लॅस्टिकचा भाग बसवलेले किंवा प्रतिकारशक्ती खालावलेले. मनूच्या गुडघ्याला खरचटलं तर पट्टी लावा, तोंड चाटू देऊ नका, हात लावल्यावर साबणाने धुवा, त्याची झोपायची जागा वेगळी करा. इतकंच.

शरीरात बसवलेला भाग, हे शब्द ऐकले आणि मला बाबा आठवले. दोन महिन्यांवर त्यांच्या गुडघ्याची सांधेरोपणाची शस्त्रक्रिया होती. ते आमच्याकडेच राहतात. दुपारी सोन्या त्यांच्या पायाशी असतो आणि बाबांचा हात त्याच्या मानेवर.

पशुवैद्यांनीच सांगितलं की शल्यचिकित्सकांपासून लपवू नका. मी रिपोर्टची प्रत घेऊन गेले. शल्यचिकित्सक बाईंनी तो लक्ष देऊन वाचला आणि म्हणाल्या, “बरं केलंत आणलात. आम्ही तसाही शस्त्रक्रियेआधी नाकाचा स्वॅब घेतोच.” बाबांच्या दोन्ही नाकपुड्यांत कापसाची काडी फिरवली. शिंक आली त्यांना.

तीन दिवसांनी फोन आला. बाबांच्या नाकात मेथिसिलिनला, म्हणजे पेनिसिलिनच्याच गोतावळ्यातल्या एका औषधाला, न बधणारा स्टॅफ सापडला होता.

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. तो परगावी असतो. बातमी त्याला बाबांनीच सांगितली होती. “तो कुत्रा आधी घराबाहेर काढ,” एवढंच तो म्हणाला. पुन्हा पुन्हा तेच. “बाबांच्या गुडघ्यापेक्षा तुला कुत्रा मोठा आहे का?” मी भांडले नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. मीच उरलेल्या गोळ्या दिल्या, मीच त्याला घरभर फिरू दिलं आणि आता ते बाबांच्या नाकात पोचलंय. रात्री सोन्याला मागच्या खोलीत बंद केलं. तो दाराशी नाक लावून हुंकारत राहिला. बाबा काठी टेकत गेले आणि दाराच्या अलीकडे खुर्ची टाकून बसले.

सकाळी पशुवैद्यांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “नाव काय लिहिलंय? पूर्ण नाव वाचा.”

मी वाचलं. स्टॅफिलोकोकस ऑरियस.

“म्हणजे वेगळा जंतू,” ते म्हणाले. “पण प्रयोगशाळेला एक विचारा, ओळख कशी पटवली? जुन्या चाचण्यांत दोघांत गल्लत होते. दोघेही रक्तद्रव गोठवतात, म्हणून माणसांच्या प्रयोगशाळेत आमच्या जंतूला ऑरियस समजल्याची उदाहरणं आहेत. माल्डी-टॉफवर केलं असेल तर प्रश्न मिटला.” सोन्याच्या जंतूचं वेगळं नावच मुळी २००५ साली पडलं, त्याआधी त्याला दुसऱ्याच नावाने ओळखत, हेही त्यांनी सांगितलं.

माल्डी-टॉफ हे यंत्र जंतूवर लेसर सोडून त्याच्या प्रथिनांचे भारित कण उडवतं आणि ते किती वेळात पलीकडे पोचतात यावरून त्यांचं वजन ताडतं. प्रत्येक जातीचा आराखडा वेगळा, बोटांच्या ठशासारखा. बाबांच्या प्रयोगशाळेने तेच वापरलं होतं. ऑरियस म्हणजे ऑरियसच. पक्कं करायला पशुवैद्यांनी सोन्याच्या नाकाचा, तोंडाचा आणि गुदाजवळचा स्वॅब घेऊन ऑरियससाठी तपासून घेतला. मिळाला नाही. त्याच्याकडे फक्त त्याचाच होता.

बाबांकडे कुठून आला? गेल्या वर्षी न्यूमोनियाने ते ११ दिवस रुग्णालयात होते, हाताला सुई लावलेली, शिरेतून अँटिबायोटिक चाललेलं. तिथून आला असेल, असं बाई म्हणाल्या. पण त्यांनी ते ठामपणे सांगितलं नाही आणि मीही कुणावर ठपका ठेवत नाही. साधारण तीन माणसांमागे एकाच्या नाकात साधा ऑरियस असतोच. आणि पाळीव कुत्र्या-मांजरांत मेथिसिलिनला न बधणारा ऑरियस सापडतो तेव्हा तो पुष्कळदा माणसांतल्या वाणाचाच असतो, म्हणजे घरातल्या माणसानेच दिलेला. पशुवैद्यांनी त्यांच्या पेशाबद्दलही मोकळेपणाने सांगितलं. २००५ साली अमेरिकेत प्राण्यांच्या डॉक्टरांच्या एका परिषदेत हजर असलेल्यांची नाकं तपासली, तर शंभरांत सहा-सात जणांकडे हा जंतू निघाला. घोड्यांसारख्या मोठ्या जनावरांचं काम करणाऱ्यांत त्याहून बराच जास्त. “म्हणून सोन्याला हात लावण्याआधी मी हात धुतो,” ते म्हणाले. “नंतर तर धुतोच.”

मी दादाला फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे उलट आपणच सोन्याला देण्याची भीती आहे?” हो, होती. बाबांपासून सोन्याला जपायचं होतं.

त्या रात्रींत मी खूप वाचलं. कुणाकडून कुणाकडे, हा एकच प्रश्न मला झोपू देत नव्हता आणि जितकं वाचावं तितकी बाणाची दिशा बदलत होती. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आलं, १९६१ मध्ये त्याला न बधणाऱ्या ऑरियसची इंग्लंडमधून नोंद झाली. जनावरांतली पहिली नोंद १९७२ ची, बेल्जियममधल्या कासदाह झालेल्या दुभत्या गाईंची. तिथे संशय माणसांवरच होता, दूध काढणाऱ्या हातांवर. मग २००४-०५ च्या सुमाराला नेदरलँड्समध्ये डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांत हा जंतू सापडायला लागला. रुग्णालयाशी काही संबंध नसलेली माणसं, आणि त्यांच्याकडचा वाण त्यांच्याच डुकरांचा. त्याला ३९८ हा क्रमांक मिळाला. या वेळी बाण जनावराकडून माणसाकडे होता. पण २०१२ मध्ये संशोधकांनी या वाणाची वंशावळ लावली तेव्हा दिसलं की त्याचे पूर्वज माणसांतलेच, साध्या औषधांनी मरणारे. ते माणसांकडून डुकरांकडे गेले, गोठ्यांत टेट्रासायक्लिन आणि मेथिसिलिनला न जुमानण्याचं बळ कमावलं आणि मग परत आले.

गोठ्यांमधल्या औषधांबद्दल वाचताना मला माझ्या चार गोळ्या डोळ्यांसमोर येत होत्या. निरोगी जनावरांचं वजन लवकर वाढावं म्हणून त्यांच्या खाद्यात वर्षानुवर्षं प्रतिजैविकं मिसळली गेली. युरोपीय संघाने हे १ जानेवारी २००६ पासून पूर्ण थांबवलं. डुकरांच्या पिल्लांची हगवण रोखायला दिलं जाणारं झिंक ऑक्साइडसुद्धा यात गुंतलेलं होतं. जस्ताला तोंड देणारं जनुक आणि मेक-ए एकाच फिरत्या तुकड्यावर बसलेले सापडले, म्हणजे जस्त दिलं तरी मेथिसिलिनला न बधणाराच तगतो. औषध म्हणून त्याचा वापर तिथे २०२२ मध्ये बंद झाला. मी गोठेवाल्यांकडे बोट दाखवू शकत नाही. ज्याचं पोट जनावरांवर आहे त्याची घाई माझ्या घाईपेक्षा खरी असते. पण नियम यायला इतकी वर्षं लागली याचा संताप आला, आणि तो मला लपवायचा नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न बधणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यांतले लाखाहून अधिक मृत्यू एकट्या मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या ऑरियसमुळे.

सर्वांत जास्त मी थबकले ते हेजहॉगपाशी. हा काट्यांचा छोटासा प्राणी. त्याच्या कातडीवर एक बुरशी राहते आणि ती पेनिसिलिनच्या जातीचा पदार्थ तयार करते. त्याच कातडीवर स्टॅफही राहतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार मेक-सी नावाचं, मेक-एचं भावंड असलेलं जनुक बाळगणारा ऑरियस या हेजहॉगांच्या अंगावर १९ व्या शतकापासून आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांच्या बशीत १९२८ मध्ये बुरशीने स्टॅफचे ठिपके विरघळवले, त्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणजे ही कुस्ती आपण सुरू केलेली नाही. आपण आखाड्यात उतरलो आणि एका बाजूला जोर दिला. हे वाचलं त्या रात्री मी मागच्या खोलीचं दार उघडलं. सोन्या बाहेर आला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि आपल्या वेगळ्या अंथरुणावर जाऊन पडला.

पुढचं काम दोन आघाड्यांवर चाललं. बाबांना पाच दिवस दोन्ही नाकपुड्यांत म्युपिरोसिनचं मलम आणि रोज क्लोरहेक्सिडिनने आंघोळ. तेच औषध, बाटली वेगळी. त्यांच्या चादरी आणि कपडे रोज बदलायचे. सोन्याला असं मलम लावून मोकळं करता येईल का, असं मी विचारलं होतं. प्राण्यांत याचा भरवसा देता येत नाही आणि हे मलम माणसांसाठी राखून ठेवायला हवं, म्हणून तो विषय तिथेच संपला. त्याची मूळ खाज मात्र शोधून काढली. पिसवांचा बंदोबस्त आधी झाला, मग काही आठवडे ठरावीक खाद्य देऊन पाहिलं आणि शेवटी हवेतल्या कणांच्या ॲलर्जीवर येऊन थांबलो. खाज आटोक्यात आली तशी कातडी सावरायला लागली. चौथ्या आठवड्याच्या पट्टीवर थोडे ठिपके होते. सातव्या आठवड्याची पट्टी डॉक्टरांनी बराच वेळ पाहिली आणि मला जागा दिली. एकही घोस नव्हता. रिफाम्पिसिन लागलं नाही, क्लोरॅम्फेनिकॉलही नाही. एकही गोळी न देता तो बरा झाला. मी टेबलाला धरून रडले.

“पण तो अजून बाळगतो,” डॉक्टर म्हणाले. गुदाजवळच्या स्वॅबमध्ये तोच जंतू होता, तेच ‘आर’. बरा झाल्यावरही कुत्रे तो कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ वागवतात. त्याला औषध द्यायचं नाही. तो दुखणं नाही. दवाखान्यातल्या त्याच्या फाइलवर लाल खूण लागली. आता आम्हाला दिवसाची शेवटची वेळ मिळते, आम्ही बाहेर थांबतो, सरळ आत जातो आणि आमच्या मागोमाग टेबल पुसलं जातं. सुरुवातीला त्या लाल खुणेने मला अपमान झाल्यासारखं वाटायचं. मग एकदा आमच्या आधी एक म्हातारी मांजर पोटाची शस्त्रक्रिया होऊन बाहेर येताना पाहिली. त्यानंतर वाटेनासं झालं.

बाबांचे पुढचे स्वॅब स्वच्छ आले आणि शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. एकदा सापडलेला असल्यामुळे सुरुवातीलाच त्यांना शिरेतून नेहमीच्या औषधाच्या जोडीला आणखी एक औषध दिलं. आत नेण्याआधी मी खाटेशी उभी होते आणि टांगलेल्या पिशवीवरचं नाव वाचलं. व्हँकोमायसिन. थेंब थेंब, सावकाश. मला त्या दिवशीचं टेबल आठवलं, पेन्सिलीच्या फुल्या आठवल्या आणि तो मऊ आवाज.

घरी आल्यावर टाके निघेपर्यंत सोन्याला बाबांच्या खोलीत प्रवेश नव्हता. मनूने दाराला आडवी फळी लावली होती. फळीपलीकडे तो आणि अलीकडे बाबा असे रोज दुपारी बसायचे. बाबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि तो कान टवकारून ऐकायचा. पंधराव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी होती, लाली नाही, स्राव नाही. आणखी आठवडाभर आम्ही फळी ठेवली. मग मी ती काढली. सोन्या धावला नाही. हळूच आला आणि खुर्चीशेजारी, ज्या बाजूला शस्त्रक्रिया नव्हती त्या बाजूला बसला. बाबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग वॉकर पुढे ओढला, उभे राहिले आणि एकेक पाऊल टाकत बेसिनकडे निघाले. मी पुढे होऊन नळ सोडला.